कुंडीतले पांढरे खडे

हे लिहिणारच नव्हतो. टाईप करायचो, खोडायचो, परत टाईप करायचो. एक तर मी काही लेखक नाही. दुसरं म्हणजे ज्या काकूंबद्दल हे आहे त्या अजून मला फोन करून "जेवलास का" विचारतात. शेवटी त्यांनाच विचारलं, लिहू का. म्हणाल्या, लिही, पण मला जरा बरी दाखव. आता सगळा घोळ झाला तो बरं दाखवायच्याच नादात, त्यामुळे ते काही जमणार नाही. झालं तसं लिहितो.

मी माती तपासायच्या लॅबमध्ये काम करतो. लॅब म्हटलं की लोकांना पांढरे कोट दिसतात. माझं काम म्हणजे आलेली माती ट्रेमध्ये पसरून वाळवायची, लाकडी मोगरीने कुटायची, चाळायची, पाकिटात भरून नंबर टाकायचा आणि तपासणी करणाऱ्या मॅडमच्या टेबलावर ठेवायची. घरी जाऊन नाक शिंकरलं तरी मातीच निघते. कॉलेज मी पहिल्याच वर्षी सोडलं. जे काही कळतं ते मॅडमच्या कपाटातली पुस्तकं वाचून आणि मॅडमचं डोकं खाऊन. त्या वैतागतात, पण सांगतात.

मॅडमचं एक ठरलेलं वाक्य आहे. रिपोर्ट नमुन्याचा असतो, शेताचा नसतो. मला वाटायचं, हे अंग झटकायचं वाक्य आहे.

आता भोंगा.

भोंगा माझा लहानपणापासूनचा मित्र. नाव दुसरंच आहे, पण ते त्याच्या बायकोलाही आठवावं लागत असेल. त्याने कानात सांगितलेलं गुपित गल्लीच्या टोकाला ऐकू जातं. एका मोठ्या गोदामात सुपरवायझर होता, ती नोकरीही बहुतेक आवाजावरच मिळाली असणार. या वर्षी त्याने ती सोडली. वडील गेल्यापासून त्यांचं शेत पडून होतं, वस्तीबाहेर, उतारावर. वरून बघाल तर काळीभोर माती. तिथे संत्र्याची बाग करायची असं त्याच्या डोक्यात बसलं. वहिनी, म्हणजे त्याची बायको, शाळेत शिकवते. तिने एकच अट घातली. आधी माती तपासा, मग राजीनामा द्या.

बरोबर अट होती. संत्रं तसं सोशिक झाड, पण मातीत चुना जास्त असला की त्याचं पोट बिघडतं. जेवण समोर असून गिळता येत नाही अशी गत. पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. आणि खरी भीती वेगळीच आहे. बाग पहिल्या वर्षी मरत नाही. दुसऱ्या वर्षीही उभी असते, फोटोत छान दिसते. मुळं खाली उतरतात, चुनखडीला टेकतात, आणि चौथ्या वर्षी, आता फळ धरायचं म्हणताना, झाडं बसायला लागतात. तोपर्यंत माणूस नोकरी विसरलेला असतो आणि नोकरी माणसाला.

म्हणून मीच त्याला शिकवलं होतं. वरवरची माती उकरून आणू नकोस, छातीएवढा खड्डा घे, वरचा थर वेगळा, मधला वेगळा, तळाचा वेगळा. सावलीत वाळव. पिशव्यांवर नीट लिही. भोंग्याने सगळं शब्दाला शब्द केलं. पिशव्या आल्या, मी कुटल्या, चाळल्या, मॅडमनी तपासल्या. तिन्ही थरांत चुना मर्यादेत. तळाच्या थरात थोडा जास्त, पण चालण्यासारखा.

भोंग्याने रिपोर्टचा फोटो स्टेटसला ठेवला. "माती पास." दुसऱ्या दिवशी राजीनामा. तिसऱ्या दिवशी नर्सरीत कलमांची ऑर्डर. गाडी गुरुवारी येणार होती.

त्याच्या आधीच्या रविवारी त्याने मला जेवायला बोलावलं.

दारातच पायरीवर काकूंच्या, म्हणजे भोंग्याच्या आईच्या, कुंड्या आहेत. मी चपला काढायला वाकलो आणि तसाच राहिलो. प्रत्येक कुंडीत मातीवर पांढरे खडे पसरले होते, झाडाच्या बुंध्याभोवती गोल, अगदी मन लावून. नदीतल्या गोट्यांसारखे गुळगुळीत नव्हते. वेडेवाकडे, आल्याच्या तुकड्यांसारखे. असे खडे मी रोज बघतो.

काकू बाहेर आल्या. "वाकून काय बघतोस, छान दिसतायत ना?"

"छान आहेत. कुठून आणले, काकू?"

"आणायचे कशाला, तुमच्या त्या मातीतलेच आहेत. ह्याने गोणपाटावर तीन ढीग घातले होते मागच्या खोलीत. मी बघते तर एवढा कचरा. म्हटलं, तिकडे शिकलेली माणसं बघणार. तांदळात खडे निघतात तसे निघाले तर म्हणतील, ह्यांच्या घरात बाई आहे की नाही. बसले मग दुपारभर. ढेकळं फोडून फोडून निवडलं सगळं."

"तिन्ही ढीग?"

"मग काय एकच निवडू? शेवटच्यात तर जवळजवळ निम्मे हेच."

हे चुनखडीचे खडे असतील तर आमच्याकडे तपासलेली माती त्या शेताची नव्हतीच.

माझ्या बॅगेत ॲसिडची छोटी बाटली असते, पाणी घालून विरळ केलेली, ड्रॉपरवाली; चुन्यावर थेंब पडला की फेस येतो. एक खडा उचलला आणि थेंब टाकला. सोडा उघडल्यासारखं फसफसलं. दुसऱ्या कुंडीतला घेतला. तेच.

काकू पदराला हात पुसत बघत होत्या. "बघ कसं फसफसतंय. म्हणजे जोर आहे ना मातीत?"

"आहे," मी म्हटलं. "जोर आहे."

आतून भोंगा ओरडला, "काय कुजबुज चाललीय दारात? माझी निंदा करायची तर मोठ्याने करा, मलाही ऐकू दे."

जेवताना तो एकटाच बोलत होता. ओळी कशा आखल्या, ठिबकच्या नळ्या कुठून फिरवल्या, खड्डे काढायचं मशीन बुधवारी येतंय. फळांच्या खोक्यांवर आईचं चित्र टाकायचं का, असं विचारत होता. वहिनी म्हणाली, "चित्र टाका, पण आवाज टाकू नका, गिऱ्हाईक पळेल." सगळे हसले. मीही हसलो. घास तोंडात नुसता फिरत होता. काकू भाजी वाढायला आल्या तेव्हा माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिल्या.

तेव्हाच का नाही बोललो? सांगतो. भोंग्याचा राग तुम्हाला माहीत नाही. सख्ख्या काकाने एकदा न विचारता शिडी नेली, तर हा त्याच्याशी चार वर्षं बोलला नाही. शिडी परत आली, काका म्हातारा झाला, तरी नाही. आणि त्याने राजीनामा दिल्यापासून काकू रस्त्यात भेटेल त्याला सांगत होत्या, माझ्या मुलाची माती पास झाली. त्या बाईच्या हातात जाऊन मी काय ठेवणार होतो? की काकू, पास तुम्ही केलीत?

सोमवारी मॅडमना सांगितलं. त्यांनी चष्मा काढला. बातमी वाईट असली की त्या चष्मा काढतात.

"निवडली म्हणजे काय, हाताने?"

"हाताने. ढेकळं फोडून."

"अरे देवा." त्यांनी त्या रिपोर्टची प्रत काढून बघितली. मग, "शेतात चुनखडीच असेल तर खाली पाट्यासारखा थरही असू शकतो. त्याला थांबव."

"सांगतो. पण कसं सांगू?"

"तोंडाने."

मी तिथेच घुटमळत राहिलो. मग जे रात्रभर डोक्यात घोळत होतं ते बोललो. "मॅडम, नमुन्यांची अदलाबदल झाली असं म्हटलं तर? माझ्या हातून झाली म्हणून. त्याच्या आईचं नाव येणार नाही."

"वा. आणि यंदा तुझ्या हाताखालून ज्या ज्या शेताची माती गेली, त्या सगळ्यांना मी काय सांगू? त्यांचीही बदलली असेल?"

इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधे मी ड्रॉपर घेऊन उभा.

मंगळवारी भोंग्याला फोन लावला. "बोल," तो म्हणाला. मी म्हटलं, "जेवलास का?" तो म्हणाला, "काय झालंय तुला, आई लागलास की काय माझी?" आणि ठेवला. मी दिवसभर माती कुटत राहिलो. मॅडम एकदा येऊन म्हणाल्या, "आता ती पीठ झाली, सोड."

बुधवारी रजा टाकून शेतावर गेलो.

ट्रॅक्टरला गिरमिटासारखं मशीन लावलं होतं, मांडीपर्यंत खोल खड्डे घेणारं. खालच्या बांधापासून सुरू करून वर चढत होतं. खालच्या खड्ड्यांशेजारचे ढीग काळे कुळकुळीत. मी चालत वर गेलो. मधल्या ओळींत ढिगांवर पांढरे ठिपके दिसायला लागले, कुणीतरी खडूची पूड शिंपडल्यासारखे. आणखी वर गेलो तर ढीग राखाडी. अगदी वरच्या ओळीत मशीनचा दात कशावर तरी घासून किर्र करत होता, आणि ड्रायव्हर वैतागून तोंडातल्या तोंडात काहीतरी बोलत होता.

भोंगा कमरेवर हात ठेवून उभा. चेहऱ्यावर लग्नघर.

मी म्हटलं, "हे पांढरं बघितलंस?"

"खडे आहेत. शेत म्हटल्यावर खडे असणारच. कापूस असणारे का?"

"भोंग्या, हा चुना आहे."

"असेल. मर्यादेत आहे. रिपोर्ट आहे ना. तुझ्याच लॅबचा."

त्याच्या डोळ्यांसमोर ढीग होता आणि त्याला कागद दिसत होता. मला एकदम सगळं सांगून टाकावंसं वाटलं, आणि तोंडातून निघालं भलतंच. "रिपोर्टमध्ये गडबड असू शकते."

"म्हणजे?"

"म्हणजे कधी कधी होतं तसं. नमुने इकडचे तिकडे..."

"इकडचे तिकडे?" आवाज एवढा चढला की ड्रायव्हरने मशीनच बंद केलं. "मी त्या कागदावर नोकरी सोडली. उद्या गाडी येतेय. आणि तू आज येऊन सांगतोस इकडचे तिकडे? कुणी केलं? नाव सांग. मी त्याला त्याच ट्रेमध्ये वाळत घालतो."

नाव तर माझंच सांगणार होतो. तोंड उघडलंही होतं.

तेवढ्यात बांधावर वहिनीची स्कूटर थांबली. मागे काकू. मांडीवर कुंडी, दोन्ही हातांनी मिठीत धरलेली. त्या उतरल्या आणि ढेकळांतून अडखळत आमच्याकडे यायला लागल्या. मी धरायला गेलो तर म्हणाल्या, "सोड, मला येतं चालता."

त्यांनी कुंडी वरच्या ओळीतल्या एका ढिगाजवळ ठेवली आणि उपडी केली. झाड, माती, खडे, सगळं. खडे ढिगावर पडले. वेगळे ओळखूच येईनात.

"हे तुझ्या शेतातलं आहे," त्या भोंग्याला म्हणाल्या. "मी निवडून काढलं होतं. पिशव्या भरायच्या आधी. ह्या पोराने रविवारी थेंब टाकला तेव्हा तोंड एवढंसं झालं होतं त्याचं. दोन दिवस वाट बघितली, तो तुला काही सांगेना. मग सुनेला विचारलं. तिने मोबाईलवर बघितलं आणि ती पण माझ्याकडे बघेना."

वहिनी खाली बघत होती.

भोंगा गप्प. तो ओरडतो तेव्हा भीती वाटत नाही. काकाच्या शिडीच्या वेळीही तो असाच गप्प झाला होता.

"बोल," काकू म्हणाल्या. "काय बोलायचं ते इथे बोल. शिडीसारखं करू नकोस. मला चार वर्षं नाहीत तुझी वाट बघायला."

त्या जागच्या हलल्या नाहीत.

भोंगा खाली बसला. ढिगात हात घातला. एक खडा काढून अंगठ्याने चोळला, बघितला, टाकला. मग दुसरा. मला वाटलं, आता उठून निघून जाणार. तो माझ्याकडे न बघता हात पुढे करून म्हणाला, "बाटली दे."

मी दिली.

त्याने त्या ढिगावर थेंब टाकला. फसफसलं. उठला, खालच्या ओळीत गेला, टाकला. फसफसलं. आणखी खाली. आम्ही सगळे त्याच्या मागून चाललो होतो, ड्रायव्हरसुद्धा उतरून मागे आला होता. प्रत्येक थेंबाला मी कान लावत होतो. फसफस. फसफस. मधल्या ओळींत आवाज बारीक झाला. मग नुसते बुडबुडे. मग एका ढिगावर थेंब पडला आणि नुसताच जिरला. भोंग्याने परत टाकला. परत जिरला. शेजारच्या खड्ड्यात उतरून तळाशी टाकला. तिथेही काही नाही.

"इथून खाली?" त्याने मला विचारलं.

"इथून खाली चुना नाही असं दिसतंय. दिसतंय म्हणतोय. मॅडमकडे परत नमुना द्यायचा, न निवडता."

"खूण काय ठेवू?"

काकू वर गेल्या, रिकामी कुंडी घेऊन आल्या आणि तिथे पालथी घातली.

शेताचा खालचा भाग. निम्माही नाही. भोंगा त्या कुंडीकडे आणि वरच्या उताराकडे आळीपाळीने बघत होता. आणि मला अजून एक सांगायचं होतं, ते तर पोटातून वर यायलाच तयार नव्हतं. पण काकू समोर उभ्या होत्या, आणि त्यांनी आत्ता जे केलं होतं त्यानंतर माझं गिळून बसणं बरं दिसलं नसतं.

"भोंग्या, खाली दुसरं आहे."

"अजून?"

मी त्याला खालच्या खड्ड्याच्या भिंती दाखवल्या. मशीनने कापलेल्या जागी माती सारवल्यासारखी चमकत होती. बोटाने दाबली तर वळी झाली, सापासारखी लांब. "चिकण आहे. चुना नाही, खोल आहे, ताकद चांगली. पण वरचं सगळं पाणी उतरून इथे येणार आणि मुळाशी बसून राहणार. संत्र्याला ते पण चालत नाही. खड्डे बुजवून उंच वरंबे करावे लागतील, त्यावर झाडं. आणि बांधाला चर, पाणी बाहेर काढायला."

"म्हणजे वर चुन्याने मरतील आणि खाली पाण्याने."

"वर नक्की. खाली कदाचित."

"छान," भोंगा म्हणाला. "निवड छान आहे."

वहिनीला हसू आलं. तिने तोंडावर हात ठेवला, पण काकूंनी बघितलं आणि त्याही हसल्या, आणि हसता हसता डोळे पुसायला लागल्या. भोंगा त्यांच्याजवळ गेला. हातावरची माती त्यांच्या पदराला पुसली, लहानपणी पुसायचा तशी. काकूंनी त्याच्या हातावर चापट मारली.

ड्रायव्हर म्हणाला, "मग मशीन वर चालवू की नको?"

मी मॅडमना फोन लावला. त्या म्हणाल्या, खाली लावायचंच असेल तर वरंब्यावर, आणि वर संत्र्याचं नावही काढू नका. वर अंजीर, डाळिंब तग धरू शकेल, पण आधी खड्डा, आधी नमुना. आणि मग, "आणि त्यांच्या आईला सांग, ह्या वेळी हात लावायचा नाही." मी सांगितलं. काकू म्हणाल्या, "तुझ्या मॅडमना म्हणावं, आता त्यात झुरळ निघालं तरी तसंच पाठवते."

गुरुवारी गाडी आली. निम्म्याहून जास्त कलमं परत पाठवायची होती, नर्सरीवाला न्यायला तयार होईना, मग भोंगा त्याच्याशी बोलला. म्हणजे ओरडला. त्याने नेली, पण तोंड असं केलं की कलमंच कोमेजतील. खालचा न निवडलेला नमुना मॅडमकडे दिला होता, पण आलेली रोपं थांबणार नव्हती, म्हणून उरलेली आम्ही वरंबे होतील तशी लावत गेलो. रोपं लहान असतात, गुडघ्याएवढी. चार-चार पानं. त्या ओल्या चिकणमातीच्या उंचवट्यांवर ती फारच एकटी दिसत होती. मी प्रत्येक रोपापाशी वाकून पानं बघत होतो. लावल्या दिवशी काही दिसणार नाही हे मलाही कळतं. तरी बघत होतो.

ऊन उतरल्यावर वहिनी आणि काकू घरी गेल्या. आम्ही दोघं पंपावर हात धुवायला थांबलो. ती माती नखातून निघत नाही. भोंगा काहीतरी बोलला.

"काय?" मी म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याला "काय" म्हणावं लागलं.

"म्हटलं, हे पण मरेल का?"

"माहीत नाही."

"तुलाही नाही, मॅडमनाही नाही?"

"मॅडमनाही नाही. पावसाळा जाऊ दे. दोन वर्षं जाऊ दे. पान सांगेल."

तो नखं कोरत राहिला. मग तसाच हळू बोलला. "तू रविवारी माझ्या घरी जेवलास. माझ्यासमोर बसून. मी खोक्यांचं सांगत होतो आणि तुला माहीत होतं."

"हो."

"आईचं मी बघून घेईन. बघून घेतलंच. तिच्यावर चिडून जाणार कुठे. पण तू..." पंप बंद केला त्याने. "पान पिवळं दिसलं की तू आधी आईच्या तोंडाकडे बघणार. मग माझ्याकडे. मग घरी जाऊन विचार करणार कसं सांगायचं, आणि फोन करून विचारणार जेवलास का. ते नको, भावा. तेवढं एक नको."

मी म्हटलं, "दर महिन्याला येईन. एकेक झाड बघेन. पिवळं पान दिसलं की तू जिथे असशील तिथे येऊन सांगेन, काकू समोर असल्या तरी."

"जेवत असलो तर?"

"तर जेवताना."

"घास गिळून सांगितलंस तरी चालेल."

"नाही," मी म्हटलं. "घास तोंडात असतानाच सांगेन."